काटा काय म्हणतो? : प्रत्यावर्ती विजेच्या मोजणीविषयी थोडेसे

(बी. ए. द्वितीय वर्ष)

'आजचे युग हे विजेचे युग आहे' या वाक्याने सुरू होणारा निबंध आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत लिहिला असेल. मीही लिहिला आहे, आणि त्याला दहापैकी सात गुणही मिळाले आहेत. परंतु ही वीज मोजतात कशी, हा प्रश्न तो निबंध लिहिताना मला पडला नव्हता. तो पडला आमच्या विहिरीवरची मोटार जळाली त्या दिवशी. मी कला शाखेचा विद्यार्थी. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. तेव्हा विज्ञान शाखेतील मित्रांनी व प्राध्यापकांनी माझ्या या धाडसाबद्दल क्षमा करावी. मात्र आपल्या महाविद्यालयात शिकणारी निम्मी-अधिक मुले शेतकऱ्यांची आहेत, आणि त्यांच्यापैकी ज्याच्या घरी मोटार जळालेली नाही असा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. म्हणून हा लेख.

आमचे गाव लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यात. मी नववीत होतो. हरभऱ्याला दुसरे पाणी द्यायचे होते आणि लाईट रात्रीची होती. रात्री थ्री फेज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदमच सुरू होत. त्या रात्री कोठ्यावरचा बल्ब तांबडा पडला होता, त्याचा उजेड त्याच्याच खाली पडेना. वडिलांनी तशातच मोटार चालू ठेवली. पाण्याची पाळी चुकवून कसे चालेल? पहाटेच्या सुमारास स्टार्टरपाशी जळका वास आला आणि पाणी बंद झाले. दुसऱ्या दिवशी मोटार बैलगाडीत घालून, पुढे टेम्पोने अहमदपूरला नेली. तिचे वायंडिंग पुन्हा भरून घेण्यासाठी आम्हाला दोन शेळ्या विकाव्या लागल्या. त्यांतली एक मी वाढवलेली होती.

दुकानातल्या मिस्त्रींनी वडिलांना विचारले, "मामा, पेटीत अँपिअरचा काटा आहे की. बघितला नाही का?"

वडील म्हणाले, "काटा तर हालत हुता. पर त्यो काय म्हनायलाय ते कुनाला कळायलंय?"

वडील शाळेत गेलेले नाहीत. पण मी तर नववीत होतो, आणि तो काटा काय म्हणतो ते मलाही माहीत नव्हते. वडिलांच्या त्या प्रश्नाचे उत्तर पुढे मी मिस्त्रींकडून, शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांतून थोडे थोडे गोळा केले. तेच येथे मांडतो.

दोन प्रकारची वीज

बॅटरीतल्या विजेला आपण एकदिश प्रवाह म्हणतो. ती एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाकडे एकाच दिशेने वाहते, जसे पाटातले पाणी. आपल्या घरात व शेतात येणारी वीज मात्र प्रत्यावर्ती असते. ती शून्यापासून वाढत जाते, शिखर गाठते, पुन्हा शून्यावर येते, मग उलट दिशेने तसेच शिखर गाठते आणि परत शून्यावर येते. हे एक आवर्तन. भारतात अशी ५० आवर्तने एका सेकंदात होतात, म्हणजे एका आवर्तनाला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. आपण 'एक' म्हणेपर्यंत तारेतल्या प्रवाहाने कितीतरी वेळा दिशा बदललेली असते.

अशी पुढे-मागे करणारी वीज का वापरतात? कारण तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, रोहित्राने सहज वाढवता व कमी करता येतो. परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्रात तयार होणारी वीज दूर न्यायची असेल तर तिचा दाब फार वाढवतात. दाब वाढला की तेवढीच शक्ती कमी प्रवाहाने नेता येते आणि तारा तापून होणारी नासाडी कमी होते. गावाजवळ येईपर्यंत तो दाब टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि शेवटी आपल्या शिवारातली डीपी ११ हजार व्होल्टचे सुमारे ४१५ व्होल्ट करून मोटारीला देते. त्यातल्याच एका फेजवर घरात २३० व्होल्ट मिळतात.

सरासरी शून्य, पण काम शून्य नव्हे

आता मोजणीची अडचण पाहू. शाळेत सरांनी मला एक प्रयोग करू दिला. प्रयोगशाळेतले चुंबकाच्या मध्ये वेटोळे बसवलेले गॅल्व्हानोमापक बॅटरीला जोडले, तर काटा उजवीकडे गेला. तारा उलट जोडल्या, तर डावीकडे गेला. मग सरांनी छोट्या रोहित्रातून आलेली अगदी कमी दाबाची वीज, मध्ये रोध घालून, त्याच यंत्राला दिली. काटा जागेवरच राहिला, नुसता थरथरला. मी म्हणालो, "सर, वीज येत नाही." सरांनी त्याच तारांना एक लहान दिवा जोडला. तो लख्ख पेटला!

काट्याची चूक नव्हती. प्रवाह त्याला क्षणात उजवीकडे ढकलत होता व क्षणात डावीकडे. त्याला तेवढ्या वेगाने हलता येत नाही, म्हणून तो दोहोंची सरासरी दाखवतो, आणि ती सरासरी शून्य येते. पण सुताराची करवत पाहा. ती पुढे जाते तेवढीच मागे येते. दिवसभर चालूनही ती आपल्या जागेपासून हातभरही सरकत नाही. म्हणून तिने काम केले नाही असे कोण म्हणेल? लाकडाचे तर दोन तुकडे झालेले असतात.

मग मोजायचे काय? याची किल्ली जेम्स प्रेस्कॉट जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली दिलेल्या नियमात आहे. तारेतून प्रवाह गेला की ती तापते, आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. वर्गाचा एक गुण आपण सातवी-आठवीतच शिकलो आहोत. ऋण संख्येचा वर्गही धनच येतो. म्हणजे प्रवाह कोणत्याही दिशेने वाहो, तार तापतेच.

एक लहानसे उदाहरण घेऊ. समजा, एका तारेत सारख्याच अंतराच्या चार क्षणांना प्रवाह अनुक्रमे १, ७, −१ आणि −७ अँपिअर होता. यांची बेरीज शून्य, म्हणून सरासरीही शून्य. आता प्रत्येकाचा वर्ग करू : १, ४९, १, ४९. यांची बेरीज १००, सरासरी २५, आणि २५ चे वर्गमूळ ५. याचा अर्थ असा, की ५ अँपिअरचा एकदिश प्रवाह त्या तारेला जेवढी तापवील, तेवढीच उष्णता या पुढे-मागे होणाऱ्या प्रवाहाने निर्माण होईल. आधी वर्ग, मग सरासरी आणि शेवटी वर्गमूळ या क्रमाने ते मिळते, म्हणून त्याला वर्ग-माध्य-मूळ मूल्य म्हणतात. बाजारात त्याला आरएमएस म्हणतात.

आपण घरातली वीज '२३० व्होल्ट' म्हणतो ते हेच मूल्य होय. प्रत्यक्षात तो दाब प्रत्येक आवर्तनात सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो, दोनदा शून्यावर येतो आणि उलट दिशेनेही ३२५ पर्यंत जातो. नेहमीच्या आकाराच्या लहरीत शिखराच्या मूल्याला १.४१४ ने भागले की वर्ग-माध्य-मूळ मूल्य मिळते.

मोजणारी यंत्रे

हे मूल्य काट्याने कसे दाखवायचे? पूर्वी यासाठी तप्ततार मापक वापरीत. त्यात एका बारीक तारेतून प्रवाह जातो, तार तापून लांबते आणि तिच्या लांबण्याने काटा सरकतो. तापण्याला दिशा नसल्यामुळे हे यंत्र प्रत्यावर्ती प्रवाह बिनचूक दाखवते. पण ते नाजूक, आणि जास्त प्रवाह गेला की तार तुटायची.

आपल्या शेतातल्या पेटीत असतो तो बहुधा चल-लोह मापक. यात वेटोळे स्थिर असते आणि आतला लोखंडाचा लहान तुकडा हलतो. वेटोळ्यात प्रवाह कोणत्याही दिशेने असो, लोखंड हलते एकाच बाजूला, कारण त्यावरचे बलही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळेच या मापकाचे आकडे सुरुवातीला दाटीवाटीने व पुढे मोकळे छापलेले दिसतात. लहानपणी मला वाटे, छापणाऱ्याने आळस केला असावा. तो आळस नसून जूलच्या नियमातला वर्गच तेथे उमटलेला आहे, हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला.

मिस्त्रींच्या हातात मात्र वेगळेच यंत्र असते. त्याला ते टाँग टेस्टर म्हणतात. क्लँप मीटर हे त्याचे दुसरे नाव. खेकड्याच्या नांगीसारखा त्याचा जबडा उघडायचा, तारेभोवती मिटायचा, की प्रवाहाचा आकडा दिसतो. तार तोडावी लागत नाही की सोलावी लागत नाही. जबड्यात लोखंडी गाभा असतो व त्याच्यावर बारीक तारेचे वेटोळे. मोटारीच्या तारेतला प्रवाह सतत बदलत असल्यामुळे तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही बदलते आणि त्या वेटोळ्यात लहानसा प्रवाह निर्माण होतो. तो मोजला की मूळ प्रवाह कळतो. म्हणजे हे एक छोटे रोहित्रच झाले. बॅटरीचा प्रवाह बदलत नाही, म्हणून अशा साध्या टाँग टेस्टरने तो मोजता येत नाही.

मिस्त्रींनी एकदा ते यंत्र माझ्या हाती दिले. मी मोठ्या ऐटीत मोटारीची सबंध केबल जबड्यात घेतली. मोटार चालू, पाणी पडतेय, आणि आकडा शून्य! मिस्त्री हसून म्हणाले, "लेकरा, तिन्ही वायरी एकदम धरल्या की एकमेकींचा हिशोब फिटतो. एकेक धर." तीन फेजचे प्रवाह एकाच वेळी शिखरावर नसतात. ज्या क्षणी एका तारेतून १० अँपिअर मोटारीकडे जात असतात, त्या क्षणी उरलेल्या दोन तारांतून ५-५ अँपिअर परत येत असतात. तिघांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य. म्हणून तार नेहमी एकेकटी धरायची, तिन्ही वेगवेगळ्या मोजायच्या आणि तिन्ही आकडे जवळपास सारखे आहेत का ते पाहायचे. प्रवाह अगदीच थोडा असेल तर मिस्त्री तीच तार जबड्यातून दोनदा फिरवून घेतात व आलेल्या आकड्याला दोनाने भागतात.

काट्याची भाषा

आता आमच्या विहिरीकडे परत येऊ. पाच अश्वशक्तीची थ्री फेज मोटार पूर्ण भारावर, ४१५ व्होल्ट दाबावर, प्रत्येक तारेतून साधारण साडेसात अँपिअर घेते. नेमका आकडा मोटारीवरच्या पत्र्याच्या पट्टीवर कोरलेला असतो. व्होल्टेज कमी झाले तर प्रवाहही कमी होईल असे आपल्याला वाटते, कारण बल्बचे तसेच होते. पण मोटारीला तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते. दाब कमी पडला की ती जास्त प्रवाह ओढून ती भरपाई करू पाहते. ४१५ चे ३५० झाले, तर साडेसाताच्या जागी पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह होतो. फरक दिसायला जेमतेम सव्वा अँपिअरचा. पण उष्णता वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक होते! रात्रभर अशी वाढीव उष्णता सोसताना वायंडिंगच्या तारेवरचे वार्निश करपते आणि मोटार जळते. त्या तांबड्या बल्बखाली आमच्या मोटारीचे नेमके हेच झाले असणार.

तीनपैकी एक फेज गेली तर याहून वाईट. चालती मोटार लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन तारांतला प्रवाह सुमारे पावणेदोनपट होतो व त्यांतली उष्णता जवळजवळ तिप्पट. अशा वेळी स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेने मोटार बंद पाडायला हवी. पण रिले वारंवार पडतो म्हणून त्याचा आकडा वाढवून ठेवणे, किंवा तो बांधूनच टाकणे, हे आपल्याकडे सर्रास चालते. आमच्याही पेटीत तो वाढवून ठेवलेला होता. रिले हा आपला वैरी नसून राखणदार आहे, हे दोन शेळ्या गेल्यावर आम्हाला पटले.

काटा खाली येण्यालाही अर्थ असतो. बोअरमधले पाणी तुटले की पंपाला उचलायला ओझे राहत नाही, आणि प्रवाह एकाएकी उतरतो. पाण्यावाचून फिरणारी पाण्यातली मोटार तापून बिघडते, कारण तिला गार ठेवणारे पाणीच उरलेले नसते. लातूर जिल्ह्यातल्या माणसाला पाणी तुटणे म्हणजे काय ते सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. त्याआधी २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे वीज केंद्र बंद ठेवावे लागले. पाण्यावाचून वीज अडते आणि विजेवाचून पाणी अडते, असा आपल्या मराठवाड्याचा संसार आहे. खोल बोअरच्या तळाशी काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. वर पेटीतला काटा मात्र ते सांगत असतो.

घरातला मीटर

अँपिअरच्या काट्याने प्रवाह कळतो, पण वीज किती खर्च झाली ते कळत नाही. त्यासाठी दाब, प्रवाह आणि वेळ या तिन्हींचा हिशोब लागतो. गालिलिओ फेरारिस या इटालियन शास्त्रज्ञाने १८८५ साली प्रत्यावर्ती प्रवाहांपासून फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करून दाखवले. त्याच तत्त्वावर आपली मोटार फिरते, आणि जुन्या मीटरमधली ॲल्युमिनिअमची चकतीही. असा चकतीचा मीटर हंगेरीच्या ओटो ब्लाथी या अभियंत्याने १८८९ साली तयार केला. काळी खूण असलेली ती चकती फिरताना पाहत आपल्यापैकी अनेकांचे बालपण गेले असेल. आता तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटर आले आहेत. ते दर सेकंदाला अनेकदा दाब व प्रवाह टिपून त्यांचा गुणाकार करतात. लुकलुकणारा तांबडा दिवा म्हणजे त्या हिशोबाची टिचकी. ठरावीक टिचक्या झाल्या की एक युनिट होते. एक युनिट म्हणजे १००० वॉटचे उपकरण एक तास चालणे.

शेवटी

२०२४ पासून महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिलात माफी मिळाली आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण जळालेल्या मोटारीचा खर्च कोणी माफ करीत नाही. तो टाळण्याचे साधन आपल्या पेटीत अगोदरच बसवलेले असते. ते वाचता येण्याचीच खोटी असते. मात्र एक विनंती. काटा पाहा, पेटी उघडू नका. टाँग टेस्टर जाणत्या माणसाच्या हातीच शोभतो. २३० म्हणताना आपण ३२५ ची गोष्ट करीत असतो, हे ध्यानात ठेवावे.

अहमदपूरहून नांदेडला एस. टी. ने येताना विष्णुपुरी लागते. तेथे आपले विद्यापीठ आहे आणि असर्जनजवळ गोदावरीवरचा उपसा सिंचन प्रकल्पही आहे. गोदामाईचे पाणी विजेच्या पंपांनी वर चढते आणि शिवारात जाते. त्या मोठ्या पंपांचा प्रवाह मोजण्याचे तत्त्व आणि आमच्या विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीचे तत्त्व एकच, हे कळल्यापासून तो रस्ता मला परका वाटत नाही.

मोटार भरून आणली त्या दिवशी मी पेटीतल्या अँपिअरच्या काचेवर साडेसाताच्या ठिकाणी ताईच्या नेलपॉलिशने एक तांबडी रेघ ओढली, आणि खाली चाराच्या ठिकाणी दुसरी. वडिलांना म्हणालो, "आण्णा, काटा वरच्या रेघेच्या लई वर गेला की लाईट कमी हाय, बटन दाबून बंद करा. खालच्या रेघेच्या खाली आला की पाणी तुटलं, तवाबी बंद करा." वडील बराच वेळ त्या काचेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एवढंच म्हनत हुता व्हय त्यो?"

त्यानंतर आमची मोटार आजवर जळालेली नाही. घरातला पहिला शिकलेला मुलगा म्हणून मी अजून नोकरीला लागलेलो नाही, घरी पैसाही पाठवत नाही. पण त्या दोन रेघांकडे पाहून वडील शेजाऱ्यांना सांगतात, "आमच्या पोरानं काट्याला बोलाया शिकवलं." खरे तर काटा पहिल्यापासूनच बोलत होता. आपल्यापैकी ज्यांना वाचता येते त्यांनी, सुट्टीत गावी गेल्यावर, आपापल्या पेटीतल्या काट्याकडे एकदा निरखून पाहावे आणि तो काय म्हणतो ते घरच्यांना सांगावे, एवढीच या लेखामागची इच्छा आहे.